तिसऱ्या ग्लासातला धूर

ऊसतोड सुरू झाली की माझं नाक कामातून जातं. ज्या नाकावर माझं पोट चालतं, तेच नेमकं ऐन हंगामात रुसून बसतं. सकाळी बारामतीहून इंदापूरच्या बाजूला कामावर निघावं, तर पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर कानठळ्या बसवणारं गाणं आणि रस्ताभर सांडत गेलेल्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, हिरवट गोड वास. माळेगावच्या साखर कारखान्याकडून वारा असला तर त्यात मळीची भर पडते. मळीचा वास माहीत नसलेल्या माणसाला तो समजावून सांगता येत नाही. काकवी करपली, मग आंबली आणि मग तिच्यावर झाकण ठेवायला कुणी तरी विसरलं, असं फार तर म्हणता येईल. गाडीच्या काचा वर केल्या तरी तो आत शिरतो, ओढणीला चिकटतो आणि माझ्याबरोबर कामावर येतो. तिथं पोचल्यावर मी आधी कोमट पाणी पीत नुसती बसून राहते. नाकाला सुट्टी देऊन बदली माणूस बोलवायची सोय आमच्या धंद्यात नाही.

परवा या सगळ्या वासांच्या मागून आणखी एक वास आला. कुठं तरी पाचट पेटलं होतं. ऊस तोडून नेल्यावर रानात वाळक्या पानांचा जो जाड थर उरतो, ते पाचट. त्याला काडी लावली की दिवस मावळायच्या आत रान मोकळं होतं आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचा पुढचा ऊस, फुटायला तयार. जाळू नका, कुजवा, जमिनीला सोनं मिळेल, असं शेती खात्याची माणसं सांगून सांगून दमली. ऐकणारे माना डोलावतात आणि घरी जाऊन काडेपेटी शोधतात. आमच्याकडंही तेच चालायचं.

लहानपणी मला तो वास फार आवडायचा. पाचट पेटवून अण्णा, म्हणजे माझे वडील, घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला तो वास असायचा. थोडा गोड, थोडा राखेचा, थोडा घामाचा. मी त्यांच्या पाठीला नाक लावून बसायची आणि आई म्हणायची, पोरीला असले कसले वास आवडतात कोण जाणे. आता तो वास आला की कानशिलं तापतात. गाडीत मी एकटीच होते, तरीसुद्धा परवा मी मान खाली घातली.

मी वाइन चाखते. नोकरीच्या कागदावर याला बरंच भारदस्त नाव आहे, पण काम एवढंच. द्राक्षांचा रस टाकीत आंबत असतो तेव्हा तो कुठल्या वळणाला लागलाय ते नाकानं आणि जिभेनं ओळखायचं, कुठल्या टाकीतलं कशात मिसळायचं ते ठरवायला मदत करायची. अन्नतंत्रज्ञान शिकून मी बिस्किटांच्या किंवा दुधाच्या कारखान्यात जाईन असं घरी सगळ्यांना वाटत होतं. मी गेले ती वाइनरीत, आणि आमच्या पणदऱ्यासारख्या गावात याची बातमी व्हायला वेळ लागत नाही.

चुलतभावाच्या लग्नात पंगतीत बसल्याबसल्या एका पाहुण्यानं अण्णांना विचारलंच, की लेक दारूच्या कारखान्यात लागली म्हणं. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माझा बाप. पण त्यांनी घास गिळला आणि शांतपणे सांगितलं, "ती पीत न्हाय. चाखती आन् थुकती."

पंगत हसली. पण अण्णांना यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. त्यानंतर कुणीही विचारलं की ते हेच सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा चढलेला असायचा. आपली लेक थुंकते ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. मला संकोच व्हायचा. पण माझ्या बाजूनं एवढ्या ठामपणे दुसरं कुणी बोललेलं नव्हतं.

थुंकणं मलाही सुरुवातीला जमत नव्हतं. ग्लास तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग बघायचा, ग्लास गोल फिरवून वास जागा करायचा, नाक आत घालायचं, मग घोट घेऊन तोंडातल्या तोंडात हवा ओढायची. गरम चहा बशीतून ओढताना होतो तसा आवाज होतो. आणि हे सगळं झाल्यावर ते बादलीत थुंकायचं. अन्नाला पाय लागला तरी नमस्कार करायला शिकवलेलं. कुणी तरी वर्षभर राबून पिकवलेलं तोंडातून बादलीत टाकताना पहिले काही महिने मी दुसरीकडं बघत असे.

शब्द त्याहून अवघड होते. शिकवणारे ज्या फळांची नावं घ्यायचे त्यातली निम्मी मी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती. कुठलं तरी काळं परदेशी बोर, कुठलं तरी थंड देशातलं फूल. सगळे म्हणायचे, येतोय बघा वास. मीही म्हणायची, हो, येतोय की. ज्याला आयुष्यात कधी भेटले नाही त्याची ओळख पटल्यासारखं मी खुशाल चेहरा करत असे.

मनातल्या मनात मात्र माझी वेगळी भाषा चालायची. पांढऱ्या वाइनमधली एक जात ग्लासात ओतली की मला कच्चा पेरू फोडल्याचा आणि नुकत्याच कापलेल्या मेथीघासाचा वास यायचा. दुसरीत मध असायचा आणि मागून पिकल्या केळीचा दरवळ. चांगली पांढरी चाखल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं, कैरी कापताना बघून सुटतं तसं. लाल वाइनचं प्रकरण निराळं. पांढरीत द्राक्षं पिळून साल बाजूला काढतात. लालमध्ये रस सालीसकट आंबतो, म्हणून जे सालीत असतं ते सगळं उतरतं: रंग, तुरटपणा, उन्हाळा, औषधाची फवारणी, सगळं. शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये मला जांभूळ सापडायचं, त्यावर भरडलेली मिरी. ती लाकडी पिंपात राहिली की लवंग आणि सुताराच्या दुकानातला भुसा. कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आवळते तसा तिचा तुरटपणा, आणि तो हळूहळू सुटत गेला तर वाइन चांगली. काही लाल वाइन ताकासारख्या पातळ असतात, काही साय धरलेल्या दुधासारख्या तोंडभर राहतात. हे मी कधी चारचौघांत बोलले नाही. कामावर मी परदेशी बोरंच सांगत राहिले.

भगवानतात्या आमच्या बांधाचे शेजारी. अण्णा आणि ते चौथीपर्यंत एका बाकावर बसले आणि पुढची सगळी वर्षं एका बांधावर. दोघांची भांडणं अख्ख्या गावाला पाठ. पाण्याच्या पाळीवरून सकाळी भांडायचे आणि संध्याकाळी एकमेकांच्या म्हशीची धार काढायला जायचे. वाइनरी आपल्या भागात काळी द्राक्षं लावायला शेतकरी शोधते आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तात्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी मला गाठलं. त्यांना ऊस लावून कंटाळा आला होता. ऊस काय, म्हणाले, लावला की येतो, त्यात माणसाला करायला काय उरतं.

जो तुकडा त्यांनी द्राक्षाला दिला त्याला बोरीचं रान म्हणतात. आमच्याकडं प्रत्येक रानाला नाव असतं, घरातल्या माणसाला असतं तसं. ती बोर कुणी पाहिलेली नाही, पण रान बोरीचंच. तात्या सकाळी वेलींमध्ये शिरायचे ते जेवायलाच बाहेर यायचे. एकेका घडाखाली हात धरून बघायचे. वाइन त्यांनी कधी तोंडाला लावली नव्हती आणि लावायची इच्छाही नव्हती. पण कुठून तरी त्यांच्या कानावर आलं होतं, की एखाद्या रानाची द्राक्षं फारच चांगली उतरली तर त्याची वाइन वेगळी भरतात आणि बाटलीवर त्या रानाचं नाव घालतात. झालं. त्यांना त्यावर आपल्या रानाचं नाव हवं होतं. स्वतःचं नको, रानाचं. मला त्यांनी दोनदा विचारलं, की बोरीचं रान हे मराठीतच लिहितील का.

आमचे मुख्य वाइनमेकर देसाई सर तात्यांच्या रानावर खूष होते. वेली धरत्या झाल्या त्या साली काळ्या द्राक्षात बोरीचं रान सगळ्यांच्या पुढं होतं. सरांनी उघड बोलून दाखवलं होतं, की उन्हाळ्यात चाखून बघू आणि जमलं तर हीच वेगळी भरू.

त्या हंगामात आमचा ऊस उशिरा तुटला. तोडणीची टोळी आज येते, उद्या येते, करत महिना गेला. आली तेव्हा तात्यांचे घड काळे होऊन गोडीला आले होते. ऊस गेला आणि अण्णांनी नेहमीप्रमाणं पाचटाला काडी लावली. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ थंडी होती आणि वारा पडलेला होता. आईनं मला फोनवर सहज सांगितलं, की धूर काही वर जाईना, दोन दिवस बांधावर चादरीसारखा पडून राहिलाय आणि घरभर खोकला. अण्णांच्या मनात खोट होती का? नव्हती. त्यांच्या बापानं जाळलं, आजानं जाळलं. ऊस पेटून जाण्याची भीती त्यांना माहीत होती, त्यासाठी ते पाण्याची मोटर चालू ठेवून उभे होते. पण धूर द्राक्षाच्या सालीत जाऊन बसतो, हे उसाच्या मुलखात कुणाला ठाऊक असायचं? तात्या तर पेटवायला मदतीला गेले होते. जाळ आपल्या बाजूला येऊ नये म्हणून हिरवा फाटा घेऊन ते बांधावर उभे राहिले होते.

द्राक्षं आली, तोडून खाल्ली तेव्हा त्यांत काही नव्हतं. सालीत बसलेला धूर असा लगेच बोलत नाही. रस आंबतो, वाइन होते, मग तो एकेक पाऊल बाहेर येतो.

उन्हाळ्यात चाखायचा दिवस ठरला. सरांच्या मनात आलं, की ज्यांनी द्राक्षं पिकवली त्यांनी हे एकदा बघावं. म्हणून आसपासच्या गावांतून शेतकऱ्यांना बोलावलं. मोठ्या खोलीत पुढं आमचं टेबल, त्यावर नंबर घातलेले ग्लास, आणि मागं खुर्च्यांच्या ओळी. कुठल्या ग्लासात कुणाच्या रानाची वाइन हे आम्हाला माहीत नव्हतं, तो कागद सरांच्या खिशात होता. तात्या धुवट धोतर आणि टोपी घालून आले होते. अण्णा त्यांच्याबरोबर आले, कारण तात्यांना मोटारसायकल चालवता येत नाही आणि अशा दिवशी एकट्यानं जायचं म्हणजे काय. दोघं दुसऱ्या रांगेत बसले. अण्णा मला काम करताना पहिल्यांदाच बघत होते. बादलीकडं वाकताना माझी पाठ त्यांच्याकडं होईल अशी मी बसले.

मुंबईहून एक पाहुण्या तज्ज्ञ बाई आल्या होत्या. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. पहिला ग्लास झाला, दुसरा झाला. मागच्या रांगा शिस्तीत बसून होत्या आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. आपण पिकवलेल्या मालाबद्दल कुणी तरी काही तरी चांगलं बोलतंय एवढ्या भरवशावर ती माणसं माना हलवत होती.

तिसरा ग्लास मी नाकाशी धरला आणि आधी मला जांभूळ दिसलं, अगदी झाडाखाली पडून फुटलेलं. मग मिरी. मग मी घोट घेतला. सुरेख वाइन होती. तोंडभर उतरली, आवळली, सुटायला लागली, आणि सुटता सुटता जिभेच्या मागं काही तरी उरलं. मी थुंकले तरी ते गेलं नाही. थोडं गोड, थोडं राखेचं. मला इतकं ओळखीचं वाटलं, की क्षणभर मी सुखावलेच. माझं नाक पुन्हा एकदा अण्णांच्या पाठीला टेकलं होतं.

पाहुण्या बाई खूष झाल्या होत्या. आतून भाजलेल्या पिंपाच्या लाकडाचा किती छान वास उतरलाय, असं त्या म्हणत होत्या. देसाई सरांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, यातली एकही वाइन अजून लाकडात गेलेली नाही, सगळ्या स्टीलच्या टाकीतल्या आहेत. आणि ते माझ्याकडं वळले. अशा वेळी ते माझ्याकडंच वळायचे.

मला इंग्रजी शब्द येत होता. तो शब्द वापरला असता, पुढचं सगळं सरांच्या केबिनमध्ये बोलले असते, तर मागच्या रांगांना काही कळलंही नसतं. पण तो वास इंग्रजीतला नव्हताच. तोंडातून आपसूक गेलं, "लाकूड नाही सर. धूर आहे. पाचटाचा."

सकाळपासून त्या खोलीत शेतकऱ्यांना कळलेला हा पहिला शब्द होता.

खुर्च्या हलल्या. कुणी तरी शेजाऱ्याला कोपर मारलं. सरांनी खिशातला कागद काढला आणि वाचून म्हणाले, तिसरा ग्लास पणदरे, बोरीचं रान. आमच्या भागात कुणाच्या बांधाला कुणाचा ऊस हे सांगावं लागत नाही. एकेक करत सगळ्या टोप्या अण्णांच्या दिशेनं वळल्या. मी मागं बघितलं. अण्णा आपल्या चपलांकडं बघत होते. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. बापाची वाटत होती की माझी, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

तेवढ्यात तात्या उठले. त्यांनी धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "सायेब, धूर माझाच हाय. वरच्या तुकड्यातलं पाचट म्याच पेटवलं. द्राक्षाचं ध्यानात आलं न्हाय."

तात्यांच्या वरच्या तुकड्यात त्या साली कांदा होता. हे मला माहीत होतं, खोलीतल्या निम्म्या माणसांना माहीत होतं, आणि अण्णांना तर होतंच. तात्या खाली बसले आणि समोर बघत राहिले. मी अण्णा उठायची वाट बघितली. सरांनी चौथा ग्लास हातात घेईपर्यंत बघितली. अण्णा उठले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर दोघं एकाच मोटारसायकलवरून गेले. तात्यांनी मागं बसून नेहमीसारखा अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना खरं काय ते सांगितलं. तात्यांवर आळ राहू नये, एवढंच मनात होतं. सर ऐकून घेत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हणाले, त्यांनी स्वतः पेटवलं असतं तर बरं होतं. समजावलं असतं, पुढच्या वर्षी त्यांनी पेटवलं नसतं. शेजाऱ्याचा धूर असेल तर आपण काय करणार? शेजारी शब्द देत असेल तर विचार करू, नाहीतर त्या रानात काळी द्राक्षं ठेवण्यात अर्थ नाही.

मी त्याच संध्याकाळी पणदऱ्याला गेले. अण्णा गोठ्यात होते. फार काही नको होतं, फक्त यापुढं पाचट जाळणार नाही एवढं सरांना येऊन सांगा, असं मी म्हणाले. त्यांनी वैरणीची पाटी खाली ठेवली.

"शब्द कसला मागतीस? माझ्या रानात मी काय करायचं ते दारूवाल्यास्नी इचारू व्हय? चारचौघांत बापाला उघडा पाडलास, आता सही बी घे."

माझ्या कामाला अण्णांनी दारू म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. रागावलेलं माणूस निदान समोर बघतं; अण्णा बोलत होते माझ्याशी आणि बघत होते म्हशीकडं. तो राग नव्हता हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. लाज वाटली की आमच्या घरात आवाज चढतो. आवाज उतरला की बोलू, असं म्हणत मी थांबले, आणि त्या थांबण्यात पावसाळा आला.

सरांना शब्द मिळाला नाही आणि बोरीच्या रानातल्या वेली जेसीबीनं निघाल्या. मी गेले तेव्हा मुळ्या वर करून ढीग रचले होते आणि तात्या तारा गुंडाळत होते. मी काही म्हणायच्या आधी तेच म्हणाले, "नंदे, तुझं काय चुकलं? नाकाला आलं ते बोललीस." मग तारेचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघांनी मिळून ती गुंडाळली. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर घरी जाताना जरा हलकं वाटलं असतं.

लोक म्हणतात, खऱ्याला मरण नाही. खरं असेल ते. पण मी दोनदा खरं बोलले. पहिल्यांदा बापाची मान खाली गेली आणि दुसऱ्यांदा तात्यांचं रान गेलं. तात्या एकदा खोटं बोलले, तेवढ्या खोट्यानं दोन्ही वाचण्यासारखं होतं. कामात मला याचा उपयोग नाही. आजही ग्लासात दोष असला तर मी दोष आहे असंच सांगते, त्याचाच मला पगार मिळतो. फक्त सांगायच्या आधी एकदा मागं वळून बघते, कोण बसलंय ते.

पुढच्या वर्षी एका दुसऱ्या गावच्या रानाचं नाव बाटलीवर आलं. छान वाइन आहे ती. करवंद आहे त्यात, शिसपेन्सिलीला टोक केल्यावर येतो तो वासही आहे, शेवट स्वच्छ. पाहुण्यांना मी तिचं भरभरून वर्णन करून सांगते. लेबल मराठीतच आहे. ते तात्यांच्या नजरेला पडू नये म्हणून मी ती बाटली पणदऱ्याला कधी नेलेली नाही, तसंही तिथं ती कोण पिणार.

अण्णांनी त्यानंतर पाचट जाळलं नाही. कुणाला काही सांगितलं नाही, शब्दही दिला नाही. ट्रॅक्टरवाल्याला बोलावून पाचटाची कुट्टी करून घेतात आणि रानातच कुजवतात. शेजारच्या वेली गेल्यावर हा नेम सुरू झाला, त्यामुळं त्यातून कुणाचं काही वाचलं नाही. आणि लग्नाकार्यात कुणी माझ्या नोकरीबद्दल विचारलं तर ते आता पाणी प्यायला उठतात.

बोरीच्या रानात आता ऊस आहे. या रविवारी मी पणदऱ्याला गेले तेव्हा तो नुकताच तुटून गेला होता. दुपार कलताना अण्णा अंगणात बाजेवर बसले होते, मी चहाचे कप आत ठेवून बाहेर आले, आणि बांधापलीकडून तड-तड आवाज यायला लागला. तात्या पाचट पेटवत होते. त्यांना अडवायला आता काही कारण नव्हतं. आसपास कुठंही द्राक्षाचा वेल उरलेला नाही.

वारा आमच्या बाजूचा होता. धूर बांध ओलांडून सरळ अंगणात आला. आई दोरीवरची धुणी काढायला धावली आणि आत जाता जाता अण्णांना म्हणाली, उठा की, दम लागंल. अण्णा हलले नाहीत. ते धुराकडं बघत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या दिवशी उठायचं हुतं मला. पाय उचललं न्हाईत."

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दलचं हे पहिलं वाक्य. मला वाटलं, आपण तरी त्या दिवशी ग्लास खाली ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं. ते मी बोलून दाखवलं नाही, कारण तेवढ्यात धुरातून तात्यांची हाक आली. ते बांधाशी उभे होते, नुसती टोपी आणि हातातला हिरवा फाटा दिसत होता.

"अण्णा," तात्या म्हणाले, "धूर लागतोय का रं तुमास्नी?"

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी खोकला गिळला.

"न्हाय," ते म्हणाले, "न्हाय लागत."

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले. धूर विरेपर्यंत आम्ही दोघंही तिथून उठलो नाही.